दोन प्रोग्रॅमचा सांगाडा किती सारखा आहे, ते कसं मोजायचं

मी प्रोग्रॅमिंग शिकवते. वर्गात साठ जण, आणि प्रत्येकाचा कोड मी स्वतः वाचते. काही वर्षांपूर्वी एका असाइनमेंटच्या दोन फाइली पाठोपाठ वाचताना, दुसऱ्या फाइलमध्ये पुढची ओळ काय असणार ते मला आधीच कळत होतं. म्हणून दोन्हींवर डिफ, म्हणजे ओळीला ओळ लावून फरक दाखवणारं साधन, चालवलं, तर एकही ओळ सारखी निघाली नाही. नावं वेगळी, कमेंट वेगळ्या, एका ओळीच्या दोन केलेल्या, दोन ओळींची एक केलेली. डोळ्यांना दिसणारं साम्य आणि यंत्राने दिलेलं शून्य यांच्यात एवढी दरी का पडली, हे शोधायला बसले. तेव्हापासून जे जमलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

मोजायला बसण्याआधी

साम्य मोजायचं म्हणजे कोणता फरक मोजायचा नाही ते ठरवायचं. बाकीचं सगळं गणित त्याच्यानंतर येतं. नावं बदलली तर तो फरक धरायचा का? फंक्शनचा क्रम बदलला तर? एका लूपच्या जागी दुसऱ्या प्रकारचं लूप आलं तर?

उत्तर तुमच्या कामावर अवलंबून आहे. नक्कल शोधायची असेल तर नावांकडे दुर्लक्ष करायला हवं, कारण नक्कल करणारा पहिल्यांदा नावंच बदलतो. एकाच प्रकल्पात पुन्हा पुन्हा आलेले तुकडे शोधून त्यांचं एक फंक्शन करायचं असेल, तर कोणता तुकडा दुसऱ्याशी किती काटेकोर जुळतो हे महत्त्वाचं. एकाच फाइलच्या दोन आवृत्त्यांत काय हललं ते पाहायचं असेल, तर नावांचे बदलसुद्धा हवेच.

या क्षेत्रात काम करणारे लोक सारख्या तुकड्यांचे चार प्रकार मानतात. पहिल्यात फक्त मोकळ्या जागा आणि कमेंट वेगळ्या असतात. दुसऱ्यात नावं आणि आकडे बदललेले. तिसऱ्यात काही ओळी घातलेल्या, काढलेल्या, बदललेल्या. चौथ्यात काम तेच पण रचना पूर्ण निराळी. सांगाडा, म्हणजे कोडची नुसती रचना, मोजून पहिले तीन सापडतात. चौथा या लेखाच्या बाहेरचा आहे. दोन प्रोग्रॅम सगळ्या इनपुटवर सारखेच वागतात का, हे कुठल्याही दोन प्रोग्रॅमसाठी ठरवून देणारी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही. राइस या गणितज्ञाने १९५३ साली सिद्ध केलेल्या प्रमेयातून हे निघतं. त्यामुळे चौथा प्रकारही ओळखतो असं सांगणारं साधन दिसलं, तर ते नेमकं कशावरून अंदाज बांधतं एवढं आधी विचारा.

एक छोटी जोडी

पुढचं सगळं या जोडीवर करून दाखवते. कोड मुद्दाम मराठी शब्दांत लिहिला आहे. तुमची भाषा कोणतीही असली तरी रचना हीच राहील.

पहिला:

फंक्शन सरासरी(गुण)
    बेरीज = ०
    लूप: गुण मधल्या प्रत्येक ग साठी
        बेरीज = बेरीज + ग
    रिटर्न बेरीज / लांबी(गुण)

दुसरा:

फंक्शन मध्यम(यादी)
    क्ष = ०
    लूप: यादी मधल्या प्रत्येक य साठी
        क्ष += य
    न = लांबी(यादी)
    रिटर्न क्ष / न

ओळीला ओळ लावून पाहिली तर साम्य शून्य. पण कोणीही प्रोग्रॅमर सांगेल की हे दोन्ही एकच आहेत. फक्त दुसऱ्यात लांबी आधी वेगळी काढून ठेवली आहे.

टोकन करा, आणि जपून करा

पहिली पायरी म्हणजे कोडची अक्षरं टाकून टोकनांची, म्हणजे कोडच्या सुट्या अर्थपूर्ण घटकांची, यादी बनवणं. टोकन बनवणारा भाग स्वतः लिहू नका. अवतरणचिन्हांच्या आतली कमेंटसारखी दिसणारी अक्षरं, अनेक ओळींचे मजकूर, अशा ठिकाणी घरी लिहिलेला नियम हमखास चुकतो. पायथनसोबत त्याचा टोकन करणारा आणि ट्री (कोणता भाग कोणाच्या पोटात ते दाखवणारी झाडासारखी मांडणी) बनवणारा असे दोन्ही भाग येतात. बाकीच्या भाषांसाठी मी ट्री-सिटर हे ट्री बनवणारं साधन वापरते. त्याचा मोठा फायदा असा की फाइलमध्ये सिंटॅक्सची चूक असली तरी तो हात वर करत नाही. चुकीच्या जागी एरर नोड ठेवतो आणि पुढे जातो. विद्यार्थ्यांच्या फाइली तपासताना हे फार उपयोगी पडतं, कारण अर्धवट फाइल हीसुद्धा कोणाची तरी नक्कल असू शकते.

मी फक्त रचना सांगणारी टोकनं ठेवते. असाइन म्हणजे नावात किंमत साठवणं, कॉल म्हणजे दुसरं फंक्शन वापरणं. वरच्या जोडीची यादी अशी होते.

पहिला: फंक्शन-सुरू, असाइन, लूप-सुरू, असाइन, लूप-शेवट, रिटर्न, कॉल, फंक्शन-शेवट. एकूण ८.

दुसरा: फंक्शन-सुरू, असाइन, लूप-सुरू, असाइन, लूप-शेवट, असाइन, कॉल, रिटर्न, फंक्शन-शेवट. एकूण ९.

इथे मी एक निर्णय गुपचूप घेऊन टाकला आहे, तो उघड करते. दुसऱ्या कोडमधल्या += ला (आधीच्या किमतीत भर घालणाऱ्या चिन्हाला) मी साधं असाइनच मानलं. त्याला वेगळं टोकन दिलं असतं तर पुढचे आकडे पार बदलले असते, ते थोड्या वेळात दिसेलच. टोकन कोणत्या जाळीने गाळता यावर निकालाचा मोठा भाग ठरतो, आणि साधनांच्या माहितीपत्रकात नेमका हाच भाग सगळ्यांत कमी लिहिलेला असतो.

नावांबद्दल अजून एक गोष्ट. सगळी नावं सरसकट पुसून 'नाव' असं एकच टोकन ठेवलं, तर 'अंतर = शेवट − सुरुवात' आणि 'अंतर = सुरुवात − शेवट' हे दोन्ही सारखेच होतात. एक बरोबर आणि एक चूक. त्याऐवजी प्रत्येक नावाला फंक्शनमध्ये पहिल्यांदा आलं त्या क्रमाने नंबर द्या: नाव१, नाव२, नाव३. मग दोन कोडमध्ये नावं काहीही असोत, ती कुठे-कुठे परत येतात तो नमुना टिकतो. ब्रेंडा बेकर यांनी बेल लॅब्जमध्ये १९९०च्या दशकात मोठ्या प्रणालींतले दुहेरी तुकडे शोधताना हीच कल्पना पक्की केली. एका कोडमधली नावं दुसऱ्यातल्या नावांवर एकास एक बसवता आली, तरच तुकडे जुळले असं म्हणायचं. काटेकोरपणा हवा असेल तिथे मी हे वापरते, एरवी नावं सरळ टाकून देते.

आता आकडा काढू, म्हणजे आकडे

यादीतून लागोपाठच्या तीन-तीन टोकनांचे तुकडे पाडा, एकेक घर पुढे सरकत. पहिल्याचे ६ तुकडे होतात, दुसऱ्याचे ७. दोन्हींत सापडणारे तुकडे ३: 'फंक्शन-सुरू, असाइन, लूप-सुरू', 'असाइन, लूप-सुरू, असाइन' आणि 'लूप-सुरू, असाइन, लूप-शेवट'. एकूण वेगवेगळे तुकडे ६ + ७ − ३ = १०. सामाईक भागिले एकूण, म्हणजे ०.३०. याला जकार गुणांक म्हणतात. पॉल जकार हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ. डोंगराळ भागातल्या दोन जागी वाढणाऱ्या वनस्पतींच्या याद्या ताडून पाहताना, १९०१च्या सुमाराला त्यांनी ही रीत वापरली. कोडचे तुकडे म्हणजे एका अर्थी त्या जागेवर उगवलेल्या जातीच, म्हणून ती इथे इतकी चपखल बसते.

त्याच तुकड्यांवर सामाईकाची दुप्पट भागिले दोन्हींची बेरीज असं केलं, तर ६ भागिले १३, म्हणजे ०.४६.

आता दुसरी रीत. दोन्ही याद्यांमध्ये सगळ्यांत लांब सामाईक पट्टा शोधा, त्यावर फरशी बसवल्यासारखी खूण करा, उरलेल्या भागात पुन्हा सगळ्यांत लांब पट्टा शोधा, आणि ठरवलेल्या किमान लांबीचा पट्टा सापडेनासा झाला की थांबा. ही मायकल वाइज यांची १९९३ची कल्पना. कार्ल्सरूहमध्ये १९९६ साली सुरू झालेलं जेप्लॅग हे नक्कल शोधणारं साधन याच पायावर उभं आहे. आपल्या जोडीत सुरुवातीचा पट्टा ५ टोकनांचा. किमान लांबी ३ ठेवली तर पुढे काहीच सापडत नाही. झाकलेल्या टोकनांची दुप्पट भागिले एकूण टोकनं, १० भागिले १७, म्हणजे ०.५९. किमान लांबी १ केली तर रिटर्न, कॉल आणि फंक्शन-शेवट सुटे सुटे जुळतात आणि आकडा १६ भागिले १७, म्हणजे ०.९४ होतो.

क्रम न मोडता, मधली टोकनं वगळत जास्तीत जास्त किती टोकनं दोन्हींत सापडतात, असं विचारलं तर उत्तर ७. म्हणजे १४ भागिले १७, ०.८२.

एक जोडी, आणि आकडे ०, ०.३०, ०.४६, ०.५९, ०.८२, ०.९४. यातला एकही चुकीचा नाही. ०.३० सांगतो की ठरावीक लांबीच्या शेजारी-शेजारी रचनांपैकी किती सामाईक आहेत. ०.५९ सांगतो की कोडचा किती भाग सलग, मोठ्या तुकड्यांनी झाकला जातो. ०.९४ फारसं काही सांगतच नाही. किमान लांबी १ असली की कोणतेही दोन प्रोग्रॅम जवळचे ठरतात, कारण असाइन आणि रिटर्न सगळ्यांकडे असतात. म्हणून कोणी नुसतं 'नव्वद टक्के साम्य' असं म्हणालं, की मी लगेच रीत आणि किमान लांबी विचारते. ती माहीत नसेल तर त्या आकड्यावर चर्चा करत नाही.

आणि += ला वेगळं टोकन दिलं तर? तीन टोकनांचे सामाईक तुकडे तीनवरून एकावर येतात, एकूण वेगवेगळे तुकडे १२ होतात. ०.३० चा ०.०८ होतो. फरशीच्या रीतीत ०.५९ चा ०.३५ होतो. एका चिन्हाने एवढा फरक पडला, कारण कोड छोटा आहे आणि चिन्ह मधोमध आलं. लांब तुकड्यांच्या रीती एका बदलाने किती ठिकाणी तुटतात, ते इथे उघडं पडतं. तुकडे तीन टोकनांचे असतील तर यादीच्या मधलं एक टोकन बदललं की तीन तुकडे बिघडतात, दहाचे असतील तर दहा.

मग तुकडा किती लांब ठेवावा? माझ्या असाइनमेंटसाठी मी ९ ते १२ टोकनं ठेवते. भाषा शब्दबंबाळ असेल, दर फंक्शनला ठरावीक सांगाडा लिहावाच लागत असेल, तर अजून वाढवते.

मोजणीची सगळ्यांत जुनी रीत याहून सोपी होती. १९७६ साली कार्ल ऑटेनस्टाइन यांनी हॉल्स्टेडचे चार आकडे, म्हणजे वेगवेगळी ऑपरेटर (+ सारखी क्रियेची चिन्हं) किती, वेगवेगळे ऑपरँड (ज्यांवर क्रिया होते ती नावं आणि आकडे) किती, आणि दोन्ही एकूण किती वेळा आले, हे विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमसाठी ताडून पाहिले. चारही जुळले तर संशय. आज ही रीत मी फक्त चाळणी म्हणून वापरते. क्रमच हरवतो म्हटल्यावर सांगाडा उरत नाही.

फाइली शेकड्यांनी असतील तेव्हा

साठ जणांच्या वर्गात जोड्या होतात १,७७०. एवढ्या जोड्यांवर फरशीची रीत आरामात चालते. पण मागच्या सगळ्या वर्षांचा साठा मिसळला की जोड्यांची संख्या फाइलींच्या वर्गाने वाढते. तिथे फिंगरप्रिंट लागतात.

प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्या तुकड्यावरून ठरणारा एक आकडा, काढा. सगळे हॅश साठवायचे नाहीत, निवडक ठेवायचे. तेच त्या फाइलचे फिंगरप्रिंट. निवड अशी हवी की दोन फाइलींत सारखा तुकडा असला तर दोन्हीकडून तोच हॅश निवडला जावा. 'दर चौथा हॅश ठेवा' हे चालत नाही. वर एक ओळ घातली की सगळी मोजणी सरकते. ॲलेक्स एकन यांचं मॉस हे नक्कल शोधणारं साधन १९९४पासून आहे, आणि श्लायमर, विल्करसन आणि एकन यांनी २००३ साली त्यामागची विनोइंगची रीत मांडली. विनोइंग म्हणजे पाखडणं. लागोपाठच्या काही हॅशांची एक खिडकी घ्या, त्यातला सगळ्यांत लहान हॅश ठेवा, दोन सारखे लहान असतील तर उजवीकडचा. मग खिडकी एक घर पुढे.

समजा आपल्या दुसऱ्या कोडच्या सात तुकड्यांचे हॅश असे आले: ६१, २३, ८४, ३५, ९०, १२, ४७. खिडकी ४ ची. पहिल्या खिडकीत लहान २३, दुसऱ्यातही २३, तिसऱ्यात १२, चौथ्यात १२. सातपैकी दोनच ठेवले. पहिल्या कोडचे सहा हॅश समजा ६१, २३, ८४, ७०, १५, ५८. पहिले तीन अर्थातच तेच. यातून २३ आणि १५ उरतात. २३ दोन्हीकडे आहे, म्हणजे धागा सापडला.

या रीतीची हमी नेमकी सांगता येते, म्हणून ती मला मनापासून आवडते. तुकडा ३ टोकनांचा आणि खिडकी ४ ची असेल, तर ३ + ४ − १ = ६ किंवा जास्त टोकनांचा सामाईक पट्टा कधीही निसटत नाही, आणि ३ पेक्षा लहान पट्ट्याकडे कधीही लक्ष दिलं जात नाही. आपल्या जोडीतला पट्टा ५ चा, हमीच्या एक पाऊल अलीकडे. तो इथे सापडला, पण प्रत्येक वेळी सापडेलच असं म्हणता येणार नाही. म्हणजे किती लांबीची नक्कल सुटलेली चालणार नाही ते आधी ठरवायचं, आणि त्यावरून खिडकी काढायची. उलट नाही.

हॅशची एक अडचण इथेच सांगते. पायथनचं अंगभूत हॅश फंक्शन मजकुरासाठी दर वेळी प्रोग्रॅम सुरू केल्यावर वेगळा आकडा देतं. सुरक्षेसाठी ते मुद्दाम तसं केलेलं आहे. काल साठवलेले फिंगरप्रिंट आज कशाशीच जुळत नाहीत आणि एररही येत नाही, सगळं साम्य फक्त शून्य दिसतं. साठवायचं असेल तर एमडी५सारखा कायम तोच निकाल देणारा हॅश घ्या.

ट्री

टोकनांची यादी सपाट असते. कोणतं विधान कोणाच्या पोटात आहे, ते लूप-शेवटसारख्या खुणांवरूनच कळतं. सिंटॅक्स ट्रीमध्ये ते थेट दिसतं.

आपल्या पहिल्या कोडचा ट्री ६ नोडचा: फंक्शन, त्याखाली असाइन, लूप, रिटर्न. लूपखाली असाइन, रिटर्नखाली कॉल. दुसऱ्याचा ७ नोडचा: फंक्शनखाली असाइन, लूप, असाइन, रिटर्न. लूपखाली असाइन, दुसऱ्या असाइनखाली कॉल. एका ट्रीचा दुसरा करायला कमीत कमी किती नोड घालावे, काढावे किंवा बदलावे लागतात, तो ट्रींमधला अंतराचा आकडा. इथे तो २ आहे. मोठ्या ट्रीच्या आकाराने भागून एकातून वजा केलं की १ − २/७, म्हणजे ०.७१.

हे दोन बदल कोणते ते पाहा. माणूस म्हणेल, 'कॉल उचलला आणि नव्या असाइनखाली ठेवला.' अल्गोरिदम म्हणतो, 'रिटर्नचं नाव बदलून असाइन केलं, कॉल त्याच्या खालीच राहू दिला, आणि शेवटी नवं रिटर्न घातलं.' आकडा बरोबर, पण गोष्ट वेगळी. म्हणून अंतर काढणाऱ्या साधनाने दाखवलेले बदल मी 'विद्यार्थ्याने असं केलं' म्हणून कधीच वाचत नाही. रिटर्नचं असाइन होणं विचित्र वाटत असेल, तर अशा बदलाची किंमत २ करा. मग अंतर ३ होईल.

झांग आणि शाशा यांची १९८९ची रीत समजायला आणि लिहायला सगळ्यांत बरी. अडचण वेगाची आहे. सगळ्यांत वाईट प्रसंगी वेळ आकाराच्या चौथ्या घातात वाढतो. पुढच्या रीतींनी तो घनापर्यंत आणला, तरी पूर्ण फाइलींच्या सगळ्या जोड्यांवर हे चालवू नका. मी फंक्शनला फंक्शन लावते, तेसुद्धा फिंगरप्रिंटने वर काढलेल्या जोड्यांपुरतंच. फंक्शनचा क्रम बदलण्याची युक्ती त्यामुळे आपोआप निकामी होते.

याहून स्वस्त आणि अनेकदा पुरेसा मार्ग म्हणजे प्रत्येक उपट्रीचा हॅश. खालून वर येत, नोडचा प्रकार आणि मुलांचे हॅश एकत्र करून त्याचा हॅश काढायचा. सारखे हॅश म्हणजे सारखे उपट्री. बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मोठ्या प्रणालींवर हे करून दाखवलं. यात मी एक भर घालते: बेरीज, गुणाकार आणि बरोबरीची तुलना अशा नोडखाली मुलांचे हॅश आधी क्रमाने लावून घेते, म्हणजे 'अ + ब' आणि 'ब + अ' एकच होतात. मजकूर जोडायलाही + वापरणाऱ्या भाषेत हे अर्थाने चूक आहे, पण नक्कल शोधताना ती सूट चालते.

ट्रीच्या पुढे ग्राफ येतो. कोणत्या विधानाची किंमत कुठे वापरली आणि कोणती अट कोणावर चालते, अशा दुव्यांचा. अध्येमध्ये निरुपयोगी ओळी घालणं, स्वतंत्र विधानांची अदलाबदल करणं, हे ग्राफला फसवू शकत नाही. पण ग्राफातला ग्राफ शोधणं एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे मोठ्या ग्राफसाठी झटपट चालणारी रीत कोणाला माहीत नाही, आणि ग्राफ बांधायला पूर्ण, बिनचूक कोड लागतो. मी ते दोन-चार अगदी अडलेल्या जोड्यांवरच केलं आहे.

सगळ्यांकडे असणारं आधी वजा करा

ही पायरी मी एकदा गाळली. दोन मुलींच्या फाइलींत ०.९१ आला. मी दोघींना बोलावलं आणि आकडा समोर ठेवला. एक रडायला लागली. संध्याकाळी मी त्या फाइली स्वतः शेजारी उघडून वाचल्या. सारखा निघालेला बहुतेक भाग मीच वर्गाला दिलेला होता: फाइल वाचणं, मेनू दाखवणं, चुकीचं इनपुट परतवणं. त्यांचं स्वतःचं काम प्रत्येकी पंचवीस-तीस ओळींचं, आणि ते वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर दोघींची माफी मागितली. ते ओझं अजून उतरलेलं नाही.

तेव्हापासून दिलेला सांगाडा, फळ्यावर सोडवलेली उदाहरणं आणि पाठ्यपुस्तकातला कोड, सगळं एका फोल्डरमध्ये असतं. त्यांच्यातले फिंगरप्रिंट प्रत्येक फाइलमधून आधी काढून टाकते. शिवाय वर्गातल्या बऱ्याच फाइलींत आढळणारा तुकडाही सोडून देते. मी मर्यादा दहा फाइलींची धरते, कारण माझ्या वर्गात दहा जण मिळून नक्कल करत नाहीत, पण एकाच पद्धतीने विचार मात्र करतात.

मग उरलेल्या कोडवरून सगळ्या १,७७० जोड्यांचे आकडे उतरत्या क्रमाने लावते आणि आलेख पाहते. बहुतेक जोड्या एका ढिगात असतात. तो ढीग ०.२ भोवती आहे की ०.६ भोवती, हे त्या असाइनमेंटवर अवलंबून. सरासरी काढा असं सांगितलं तर सगळेच एकसारखं लिहिणार, ढीग उजवीकडे सरकणार. ढिगापासून तुटून दूर बसलेल्या जोड्याच वाचायच्या. 'अमुक टक्क्यांच्या वर म्हणजे नक्कल' अशी कायमची रेघ मी ओढत नाही.

फाइलींचे आकार फार वेगळे असतील तर जकार गुणांक गप्प बसतो. एकीचे ४० फिंगरप्रिंट, दुसरीचे ४००, आणि पहिलीचे सगळेच दुसरीत. जकार म्हणतो ०.१. पण सामाईक भागिले लहान फाइल असं केलं तर १.०. मी दोन्ही रकाने शेजारी-शेजारी छापते, आणि त्यांच्यात मोठी तफावत असलेल्या जोड्या आधी उघडते.

वाचायला बसल्यावर मात्र मूळ फाइलच उघडायची. टोकन करताना आपण कमेंट फेकून दिल्या. पण दोन्ही फाइलींच्या कमेंटमध्ये एकाच शब्दाची तीच चूक, दोन्हींत कधीच खरी न होणारी तीच अट, दोन्हींत न वापरलेलं तेच व्हेरिएबल, असे पुरावे सांगाड्याच्या आकड्याहून भारी असतात. आकडा फक्त कुठे पाहायचं ते दाखवतो. आणि विद्यार्थ्याशी बोलताना मी आता आकडा सांगतच नाही. 'ही अट का घातलीस, समजावून सांग' एवढंच विचारते.

डिफलिबची खोच

पायथनवाले पटकन पायथनसोबतच येणाऱ्या डिफलिबमधला सीक्वेन्समॅचर, म्हणजे दोन याद्यांचं साम्य मोजणारा भाग, उचलतात. मीही उचलला होता. त्याला अक्षरांऐवजी टोकनांची यादी देता येते, आणि सोय छान आहे. पण दुसरी यादी २०० किंवा त्याहून लांब असेल, तर त्यात साधारण एक टक्क्याहून जास्त वेळा येणारी गोष्ट तो 'फार नेहमीची' म्हणून शोधातून वगळतो. मजकुराच्या ओळींसाठी ते ठीक आहे. आपल्याकडे टोकनांचे प्रकारच वीस-तीस, म्हणजे जवळजवळ सगळेच वगळले जातात. परिणामी एकाच फाइलच्या दोन प्रतींपैकी एकीच्या डोक्यावर एक ओळ घातली, तरी आकडा कोसळू शकतो. ऑटोजंक हा पर्याय बंद करा, एवढाच उपाय.

मोजपट्टीच तपासून घ्या

स्वतःचा एक दीडशे ओळींचा प्रोग्रॅम घ्या आणि त्याच्या प्रती करून प्रत्येकीत एकच बदल करा. एकीत सगळी नावं बदला. एकीत फंक्शनचा क्रम उलटा करा. एकीत मोजून फिरणाऱ्या लूपचं अट तपासणारं लूप करा. एकीत जागोजागी निरुपयोगी छपाईच्या ओळी पेरा. एकीत मोठं फंक्शन तोडून तीन करा. एकीत उलट, छोटी फंक्शन मोठ्यात विरघळवून टाका. मग एकमेकांशी कधीच न बोललेल्या लोकांनी त्याच प्रश्नासाठी लिहिलेले काही प्रोग्रॅम जमवा. तुमची रीत पहिल्या गटाला दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे वर ठेवते का, ते पाहा. माझ्या रीतीत नावं आणि क्रम यांनी काहीच फरक पडत नाही. पेरलेल्या ओळींनी आकडा बराच खाली येतो. आणि फंक्शन विरघळवणं हा बदल ट्रीला सगळ्यांत जड जातो. हे माहीत असल्यामुळे कमी आकड्याच्या काही जोड्यांवरही मी नजर टाकते.

अशा अकरा जोड्या मी जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकीशेजारी तारीख, तुकड्याची लांबी, खिडकी, पार्सरची (ट्री बनवणाऱ्या साधनाची) आवृत्ती आणि आलेला आकडा लिहिलेला. पार्सर अद्ययावत केला की वर्गाच्या फाइलींना हात लावण्याआधी या अकरा चालवते. मागच्या वेळी तिसऱ्या जोडीचा आकडा ०.७२ वरून ०.६४ वर आला. एक दुपार शोधण्यात गेली. नव्या आवृत्तीत += च्या नोडचं नाव बदललं होतं, आणि माझी जाळी त्याला असाइन म्हणून ओळखत नव्हती.